आप्पांची दोरी आणि सागरचे तीन पॉइंट

चार वर्षं एकत्र खेळलं की मॅचचे स्कोअर विसरतात आणि किस्से साठतात. आमची टीम फारशी जिंकत नाही, त्यामुळं आमच्याकडं साठा जरा जास्तच आहे!

पाटसजवळच्या साखर कारखान्याची कॉलनी, तिथलं मातीचं कोर्ट, रविवारची सकाळ. आप्पा बॉयलरवरनं रिटायर झालेले, सहा फुटांच्या वर उंची. जन्मभर बास्केटखाली उभे राहून दोन-दोन पॉइंट काढले. सागर वजनकाट्यावर असतो आणि लांबच्या अर्धगोल रेषेबाहेरनं तीन-तीन पॉइंट मारतो. तो आल्यापासनं आत बॉल जाणंच बंद झालं. सगळेच बाहेरनं मारायला लागले.

*

एकदा खेळून झाल्यावर सागरनं मोबाईलवर परदेशातली मोठी मॅच लावली. एकानं तीन मारले, दुसऱ्यानं तीन मारले, तिसऱ्याचा हुकला.

आप्पा म्हणाले, "ह्यांना आत जायची बंदी हाय का?"

"आप्पा, आता प्रोफेशनल लोक बी असंच खेळत्यात. तीन दोनापेक्षा जास्त की न्हाई?"

"व्हय. पण मग कोर्ट एवढं मोठं कशाला? रेषेवर रांग लावा आन् एकेकानं मारा की!"

सागरनं आवाज वाढवला.

*

शेजारच्या राहू गावचा बाळू आमच्यात खेळतो. घरचं भाजीपाल्याचं रान आहे, स्वभाव समजूतदार. तो आप्पांना पटवायला गेला. "सागर लांबनं मारतो म्हणून समोरचे दोघं-दोघं त्याच्याकडं धावत्यात. आत तुम्हाला रान मोकळंच की!"

"रान मोकळं हाय रं," आप्पा म्हणाले, "पण पाणी कोण सोडतंय?"



*

एका रविवारी आप्पा घरनं प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले. खेळ सुरू झाला आणि हे खुर्ची टाकून बसले, थेट बास्केटखाली!

"आप्पा, हे काय?"

"बॉल यायला येळ हाय. तवर उभं कशाला ऱ्हायचं?"

तेवढ्यात सागरचा शॉट रिंगवर आपटला आणि बॉल सरळ आप्पांच्या मांडीवर पडला. आप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "आला बाबा एकदाचा!"

*

कोर्टवर फक्कीनं रेषा मारायचं काम आप्पांचं. दोरीचं एक टोक मी रिंगखाली धरायचं, दुसरं टोक धरून आप्पांनी अर्धगोल फिरायचं. मधे मला दोरी लांब वाटायला लागली. पण माझं काम टोक धरायचं.

शेवटी एकदा आप्पाच म्हणाले, "थोडी वाढवलीया. शॉट हुकाय लागलं की बॉल आपोआप आत येईल."

मग खाली बसून गुडघा चोळायला लागले. "डॉक्टर म्हणतोय, आता पुरे. ह्या वर्साची टूर्नामेंट शेवटची. एकदा आत बॉल मिळाला, बास. मग म्या गप."

मला खरंच वाईट वाटलं. पुढच्या रविवारीही मी टोक धरलं.

*

मग तळेगाव ढमढेऱ्याची टूर्नामेंट आली. तिथलं कोर्ट पक्कं आणि रेषा बरोबर मापाची. आमची पोरं वाढीव रेषेवरनं मारून मारून तयार झालेली. त्यांना ती रेषा अंगणात असल्यासारखी वाटली! सागरचं सोडाच, बाळूनंसुद्धा तीन-तीन मारले. आम्ही पहिल्यांदाच फायनलला गेलो.

"ह्यो चमत्कार कसा झाला?" सागरनं विचारलं.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी बुटाची नाडी बांधायला घेतली.

*

फायनल दौंडच्या टीमबरोबर. शेवटचे काही सेकंद आणि आम्ही एका पॉइंटनं मागं. मी बेंचवर. अख्ख्या मॅचमध्ये आप्पांना एकदाही बॉल मिळालेला नाही. गुडघ्याला पट्टा बांधून ते बास्केटखाली उभे, हात वर.

बॉल सागरकडं आला. दौंडचे तिघं त्याच्या अंगावर धावले. आणि काय झालं कुणास ठाऊक, सागर ओरडला, "आप्पा, घ्या!" आणि त्यानं बॉल आत टाकला!

आप्पांनी तो वरच्या वर झेलला. आजूबाजूला कुणी नाही, रिंग हाताच्या अंतरावर. बाळू ओरडतोय, "टाका आप्पा, टाका!"

आप्पांनी बॉल एकदा छातीशी धरला. सागरला घेरलेले तिघं आता आप्पांकडं धावत निघाले होते. आप्पांनी बॉल परत बाहेर फेकला, सागरच्या हातात.

"मार रं!"

सागरनं मारला. गेला!

नाचून झालं, फोटो झाले, चहा झाला. मग सागर आप्पांच्या शेजारी येऊन बसला. "आप्पा, वर्सभर ज्याच्यासाठी भांडला, त्यो बॉल हातात आला आन् तुम्ही माघारी दिला?"

आप्पा गुडघ्याचा पट्टा सोडत होते. मान वर न करता म्हणाले,

"आत लय गर्दी व्हती."