उस्तादांची सीट

माझी उंची पाच फूट दोन इंच. लायसनच्या कागदांवर ती पाच फूट तीन इंच आहे, कारण मोजमापाच्या दिवशी मी जाड तळाचे बूट घालून गेलो होतो आणि मोजणाऱ्याला जेवायला जायची घाई होती. ही एक इंचाची लबाडी सोडली तर मी सरळ माणूस आहे. कंबरेने मात्र चार वर्षं वाकडा होतो. त्याचा दोष मी रस्त्याला दिला, गाडीला दिला, एकदा तर बायकोच्या वांग्याच्या भाजीलाही दिला. खरा दोषी सापडला तेव्हा मला त्याला धड शिव्याही देता आल्या नाहीत. तुम्हीच बघा.

मी गोंदिया ते तिरोडा खाजगी बस चालवतो. याच बसवर आधी नऊ वर्षं क्लीनर होतो. चालवायचे ते माझे उस्ताद. त्यांनीच मला गिअर शिकवले, आरसे शिकवले, म्हशीच्या तोंडाकडे बघून ती रस्ता ओलांडणार की नाही हे ओळखायला शिकवलं. मग एके दिवशी ते म्हणाले, "आता बस झालं," आणि बिरसीजवळच्या आपल्या गावी धानाची शेती करायला गेले. जाताना नारळ फोडला, अगरबत्ती लावली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एकच शब्द बोलले, "जप."

मी हा शब्द फारच मनावर घेतला.

उस्ताद सहा फुटांचे. त्यांची सीट पार मागे सरकवलेली. सीट सरकवायचा खालचा लिवर तारेने आवळून बांधलेला आणि तारेवर लाल धागा. आमच्या धंद्यात काही गोष्टी कोणी सांगत नाही, पण पाळतात सगळे. गाडी सुरू करण्याआधी स्टीअरिंगला हात लावून कपाळाला लावायचा. उस्तादांचा खुंटीवरचा गमछा हलवायचा नाही. आणि उस्तादांनी बांधलेली गाठ शिष्याने सोडायची नाही. ही शेवटची गोष्ट कोणी पाळताना मी पाहिलेली नव्हती, पण लाल धागा बघून मला ती सुचली आणि लगेच पटलीही. म्हणून मी सीटला हात लावला नाही.

आता सहा फुटांच्या माणसाच्या सीटवर माझ्यासारखा माणूस बसला की तो बसत नाही, लोंबकळतो. क्लच दाबायचा म्हणजे वीतभर पुढे घसरायचं, दाबायचा, परत मागे सरकायचं. गोंदियातून निघाल्यावर तिरोड्यापर्यंत मी जेवढा पुढे-मागे व्हायचो, तेवढी बससुद्धा होत नसेल. संध्याकाळी उतरताना दाराचा दांडा धरून आधी एक पाय, मग "आई गं", मग दुसरा पाय.

चौथ्या वर्षी बायकोला दया आली. तिने जुन्या लुगड्याची उशी शिवली, राईस मिलमधून आणलेला कोंडा ठासून भरला आणि म्हणाली, "हे पाठीमागं लावा, पाय पुरतीन." पाय पुरले खरे. पण माझ्या बाजूची खिडकी गळकी, आणि कोंड्यात काही अख्खे धान राहून गेले होते. श्रावणात आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी माझ्यामागे बसणारे एक गुरुजी म्हणाले, "ड्रायव्हर साहेब, तुमच्या पाठीत पीक आलंय." वळून पाहतो तर उशीच्या शिवणीतून हिरवेगार कोंब.

घरी उशी दाखवली तर बायको म्हणाली, "लोकं बांधीत धानाचे पऱ्हे टाकतेत, तुमी उशीत टाकले. आता रोवणा कवा हाये ते सांगा, बाया सांगून ठेवतो."

उशी वाळवली, परत लावली. हसण्यावारी गेलं. पण कोंड्याची उशी पाठ टेकली की दबते आणि जोर लावला की खाली घसरते. ही गोष्ट मला माहीत होती आणि मी ती स्वतःपासून लपवून ठेवली होती.

दिवाळीनंतरची सकाळ. वाटेत एका मोठ्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रस्ता वळतो. वळणावर बकऱ्या. मी ब्रेकवर पाय नेला, सगळा जोर लावला, आणि त्याच क्षणी उशी पाठीमागून निसटली. मी मागे रेललो, पाय पुढे पुरेना. मग सीटवरून खाली घसरलो आणि जवळजवळ आडवा होऊनच ब्रेक दाबला. डोळे स्टीअरिंगच्या खाली गेले. मला फक्त आभाळ दिसत होतं आणि आभाळात, पाळीच्या कठड्यावर चढलेल्या बोकडाची दोन शिंगं. बस थांबली. शिंगं काचेपासून हातभर लांब होती.

बकऱ्यांवाला म्हातारा पुढे आला, काचेतून आत डोकावला आणि ओरडला, "अबे, या गाडीत डायवर हाये का नाई?"

मी स्टीअरिंगखालून हात वर केला.

बसमध्ये कोणी हसलं नाही. माझा कंडक्टर जवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, याच टायमाले पोरंबी इथूनच शाळेत जातेत." पुढचा रस्ता मी विशीच्या वर काटा जाऊ दिला नाही.

बातमी आमच्या आधी गोंदियात पोचली होती. मालकांनी गॅरेजवाल्याकडून ब्रेक तपासून घेतले. ब्रेक ठणठणीत निघाले. म्हणजे बिघाड माझ्यातच. मालक शांतपणे म्हणाले, "भैया, गाड़ी तुम चलाते हो, या गाड़ी तुमको चलाती है? आठ दिन देता हूँ. फिर स्टीयरिंग दूसरे को."

दुसरं काही काम मला येत नाही. पण खरं सांगू, नोकरीपेक्षा त्या पाळीवरच्या पोरांची भीती जास्त बसली. घरी तोंड पाडून बसलो. बायको म्हणाली, "सीट पुढं काऊन नाई घेत?"

"उस्तादांनी बांधली हाये."

"मंग त्याईलेच जाऊन विचारा ना! जितेजागते हायेत ते."

चार वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत नारळ आणि पाव किलो पेढे घेऊन बिरसीकडे गेलो. उस्ताद अंगणात खाटेवर बसून तणसाचा दोर वळत होते. मी नारळ पायाशी ठेवला. म्हणालो, "उस्ताद, एक परवानगी पाहिजे."

"लग्न करून राहिला का दुसरं?"

"नाई. सीट पुढं घ्यायची हाये. पण तुमी लिवर बांधून ठेवला..."

उस्ताद दोर वळायचे थांबले. "तू चार वर्षं माह्याच मापात बसून राहिला?"

मी मान हलवली.

"अबे, लिवर खडखड वाजे म्हणून तार बांधली मी. डोकं उठे त्यानं."

"मंग लाल धागा?"

"तो तं तूच बांधला होता! दसऱ्याले. गाडी धुतली अन् आरशापासून लिवरापर्यंत जे दिसलं त्याले धागा बांधत सुटला. माह्या डब्यालेबी बांधला होता."

मला आठवलं. डबासुद्धा आठवला. म्हणजे स्वतःच बांधलेल्या धाग्याच्या धाकाने मी चार वर्षं कंबर मोडून घेतली होती.

डोक्यावरून बिरसीच्या विमानतळाचं शिकाऊ विमान घरघरत गेलं. उस्तादांनी बोट वर केलं. "थो पोट्टा पाय पुरत नसतानी उडवत असंल का? अन् आयक, माहा उस्ताद तुह्याएवढाच ठेंगणा होता. गाडी हाती आली त्याच दिवशी मी सीट मागं ढकलली. माहे गुडघे स्टीअरिंगले लागत."

"ते रागावले नाई?"

"कायले? त्यानंच पाना देल्ला."

दुसऱ्या दिवशी पहाटेच उस्ताद स्टँडवर हजर. सोबत पकड आणि रॉकेलची बाटली. धागा मी सोडला, तार त्यांनी कापली. लिवर गंजलेला होता. दोघांनी मिळून धक्के दिले तेव्हा सीट कोंबडी किंचाळावी तशी किंचाळली आणि चार भोकं पुढे आली. मग त्यांनी मला बसवलं आणि क्लीनर असताना ओरडायचे तसेच ओरडले. "कंबर पार मागं ने. पाठ टेकव. आता क्लच तळापर्यंत दाब. गुडघा थोडा वाकलेला राहिला पाह्यजे. कंबर हालली? मंग आणखी एक भोक पुढं घे. हात लांब कर, मनगट स्टीअरिंगवर पडते का? पडलं. आता आरसे लाव, ते अजून माह्या डोळ्याच्या मापाचे हायेत."

खरंच होते. चार वर्षं मी आरशात मान ताणून बघत होतो आणि दुखणाऱ्या मानेसाठी मलम आणत होतो.

उशी कंडक्टरकडे दिली. उस्ताद बोनेटशेजारच्या सीटवर बसले आणि आम्ही निघालो. पाय आपोआप पेडलवर पडत होते. मला इतकं विचित्र वाटलं की मी दोनदा खाली बघितलं आणि दोन्ही वेळा शिवी खाल्ली.

तलावाची पाळ आली. वळणावर त्याच बकऱ्या, तोच म्हातारा. मी जागचा न हलता ब्रेक दाबला. बस बकऱ्यांपासून चांगली दहा-बारा हात आधी थांबली, झोपलेले गुरुजी जागेसुद्धा झाले नाहीत. बकऱ्या सावकाश गेल्या. त्यांच्या मागून दप्तरं घेतलेली तीन पोरं गेली, आमच्याकडे न बघता.

म्हातारा काचेजवळ आला. माझ्याकडे नीट निरखून बघितलं, मग कंडक्टरला म्हणाला, "बरं केलं बाप्पा. नवा डायवर ठेवला."

उस्ताद तिरोड्यापर्यंत हसत होते. तिरोड्याला दाराचा दांडा न धरता उतरलो, आणि उतरल्यावर लक्षात आलं की "आई गं" म्हणायचं राहून गेलं.