तातीचं नाक

तिसऱ्या द्राक्षबागेच्या बांधावर आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. चर्चची बाराची घंटा व्हायच्या आत लुसियेनला मालकाला सांगायचं होतं, आज कुठल्या बागा तोडायच्या आणि कुठल्या नाही. दुपारी पाऊस येणार आणि तीन दिवस हटणार नाही, असं रेडिओ सकाळपासून सांगत होता. शेडमध्ये वीस माणसं कात्र्या घेऊन बसून होती. एकूण चार बागा पायी बघायच्या, त्यातल्या दोन झाल्या होत्या.

लुसियेन कास्तान्ये, वय चौऱ्याहत्तर. गाव तिला ताती म्हणतं, म्हणजे मावशीच. चौदाव्या वर्षी आईचा हात धरून ती तोडणीला आली, त्यानंतर तिचा एकच हंगाम चुकला, तो स्वतःच्या बाळंतपणाचा. नवऱ्याला मंगळवारी पुरलं आणि बुधवारी ती ओळीत उभी होती. "तो थांबेल, द्राक्षं थांबायची नाहीत," एवढंच म्हणाली.

माझं माहेर तासगावकडचं. तिकडे मण्यावर बुरशी दिसली की घरात चूल पेटत नाही. लग्न होऊन इथे फ्रान्समध्ये, सोतेर्नला आले आणि पहिल्याच हंगामात मी बुरशीचे मणी खाली टाकले, टपोरे पिवळे टोपलीत भरले. तातीनं टोपली बघितली आणि कपाळावर हात मारला. "अगं बये, पाहुण्यांना हाकललंस आणि त्यांच्या चपला घरात घेतल्यास!" मग तिनंच शिकवलं. सिरों नदीचं धुकं मण्यांवर बसू द्यायचं, ते राखाडी होऊन सुरकुतू द्यायचे, आणि जेवढे झाले तेवढेच वेचायचे. उरलेल्यांसाठी त्याच वेलीकडे चार-पाच वेळा परत यायचं. गोड वाइन होते ती त्या सुरकुतलेल्या मण्यांची.

पण कुजण्याचे प्रकार दोन. एकाला मधाचा वास, दुसऱ्याला व्हिनेगरचा. दिसायला दोघं सख्खे भाऊ. दुसऱ्या प्रकारच्या दोन-चार टोपल्या घाण्यात गेल्या की अख्खं पिंप वाया. म्हणून आधी तातीचं नाक फिरायचं, मग कात्र्या. मालकाचा, रेजिसचा, त्या नाकावर देवाइतका विश्वास.

तिसऱ्या बागेत ती वाकली, डोळे मिटून घड हुंगला. "मध," म्हणाली आणि पुढे चालू लागली.

पहिल्या दोन बागांत मी नुसती मागून चालत होते, इथे सहज वाकून हुंगलं. लोणच्याची बिघडलेली बरणी उघडावी तसा भपकारा आला. वाटलं, मीच चुकले. पुढच्या वेलीवर ती परत म्हणाली, "मध." परत तोच भपकारा. जिनं मला शिकवलं तिला मी काय सांगायचं? मनात देवाचं नाव घेतलं.

"ताती, हा आंबलाय."

"तुला सर्दी झालीय."

"एकदा परत बघ ना."

तिनं घड हातात धरला. पण हुंगला नाही. ती घडाच्या आजूबाजूला बघत होती, नुसत्या हवेत.

"चिलटं नाहीत," ती हळूच म्हणाली.

"कसली चिलटं?"

"आंबल्या घडावर बसतात ती. दोन हंगाम मी चिलटं बघून सांगतेय, पोरी. आज एवढा गारठा, एकही उठलं नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तिला ताप आला होता, तेव्हापासून वासच गेला होता. कॉफी म्हणजे गरम पाणी.

"आणि चव?"

"जिभेला गोड कळतं. या मण्यांत साखरच एवढी, तिच्याआड व्हिनेगरही लपतं."

"मग पहिल्या दोन बागा?"

ती बांधावर मटकन बसली. "तिथंही मधच म्हटलं मी."

पश्चिमेला पाइनच्या रानावर आभाळ काळं झालं होतं. मी तिला हात देऊन उठवलं आणि आम्ही आल्या वाटेनं मागे फिरलो. जवळजवळ पळतच.

"तासगावच्या शेळ्या अशाच पळतात का गं?" धाप लागली तरी तिचं तोंड चालूच.

"म्हाताऱ्या बोकडाला घेऊन नाही पळत."

ती हसली. मी हुंगत होते, ती बोटांनी मणी दाबून साल फुटलीय का बघत होती. पहिली बाग स्वच्छ निघाली. दुसरीत नदीकडच्या दोन ओळी गेलेल्या. तिसरीतली खालची अर्धी सोडायची. टेकावरची चौथी बघून मी डोळेच मिटले. मध, नुसता मध. पावणेबारा वाजले होते.

शेडचं फाटक दिसायला लागलं. रेजिस बाहेरच उभा होता, मान वर करून ढग बघत.

मी म्हटलं, "ताती, मी कुणाला नाही सांगणार. दर वर्षी तुझ्याबरोबर येत जाईन."

"आणि ज्या दिवशी तू आजारी पडशील? वीस जणांनी माझ्या खोट्या मधावर टोपल्या भरायच्या?" तिनं डोक्याचा रुमाल सोडून परत घट्ट बांधला. "आधी त्याला ओळी सांगू, माणसं कामाला लागू देत. मग मी सांगते, वास गेलाय म्हणून."

चार पावलं गेल्यावर तिनं माझी बाही धरली.

"एक कर माझ्यासाठी. मी सांगत असताना माझ्याकडे बघू नकोस. आणि तो विचारेल, आता नाक कोणाचं, तेव्हा लगेच 'माझं' म्हणू नकोस. मनात दहा मोज, सावकाश. मग बोल."