वैदूचं भस्म

अकोल्याजवळ आमचा वांग्यांचा मळा होता. लग्नाला चार वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. दोष माझ्यात होता, आणि ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. अंगात जोर नव्हता, बायकोजवळ जायची इच्छाच मेली होती. पातूरच्या बाजारातल्या वैदूचं भस्म मी वर्षभर चोरून खाल्लं. तिला वाटलं, ती मला आवडत नाही. पंचांसमोर काडीमोड झाला, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. कसली डोंबलाची मर्दानगी!

पुढे कोणी ओळखू नये म्हणून अमरावतीचा डॉक्टर गाठला. त्या परक्या माणसाला मात्र पाच मिनिटांत, काडीमोड तेवढा सोडून, सगळं सांगून टाकलं.

"ते भस्म पहिले उकिरड्यावर फेक," तो म्हणाला. "नीट जेव, पुरेशी झोप घे, दर महिन्याले मले दाखव. सुई लागलीच तर मी देईन. आपल्या मनानं काही घेऊ नोको."

वर्ष-दीड वर्षात मी खरंच सुधारलो. डॉक्टर खूश झाला.

"आता एकदा बायकोले घेऊन ये."

"आणतो," मी म्हणालो.

तिचा दुसऱ्या घरी पाट लागला होता. त्याच आठवड्यात तिथे बारसं होतं.