चाचांचं इंजिन, आबांचा पाय

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेली नाही. गावाला अर्धीमुर्धी ठाऊक आहे, आईला बरीचशी, आबांना तर सगळीच ठाऊक होती — पण मी होऊन कधी सांगितली? नाही. माझ्या खिशात सुपारी किती उरली हे बायकोला न बघता सांगता येतं, पण तिलाही हे माहीत नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. घशाशी आलंय, एवढंच.

कामथडीला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. बरं चाललंय. मुलं शिकतायत, चार माणसं नावाजतात, आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखतो म्हणतात. हे सगळं मी ज्या एका लहानशा इंजिनावर शिकलो, ते एका माणसानं मला विश्वासानं दिलं आणि दुसऱ्या माणसानं ते माझ्याकडे राहू दिलं. दोघांचेही उपकार आहेत. रोज सकाळी शटर वर करताना त्यांची आठवण येते — आणि आठवण आली की थोडी लाजही येते. दोन्ही बरोबरच येतात, काय करू?

तेव्हा मी विशीत होतो. वेल्ह्याच्या अलीकडे आमचं गाव, सगळा चढ-उतार. सायकलला इंजिन बसवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. गरज होती का? छे. एसटी होती, पाय होते. पण कॉलेजात एकाकडे मोटरसायकल होती, तिच्याभोवती पोरं जमायची, आणि माझ्याभोवती कुणी जमत नसे. खरं कारण एवढंच. सायकल होती, नसरापूरचा वेल्डिंगवाला ओळखीचा होता, चेन आणि चक्री जमवून झाली होती. इंजिन तेवढं नव्हतं. म्हणजे वरात तयार, नवरदेवाचा पत्ता नाही.

किती दारं हिंडलो! एकानं फवारणीच्या पंपाचं इंजिन दाखवलं. ते सपाटीला चाललं असतं, आमच्या चढावर त्यानं मान टाकली असती. भोरच्या भंगारात एक मिळालं, तर त्याचा पिस्टन आतच चिकटून बसलेला. शेवटी कुणीतरी म्हणालं, नसरापूरला शकूरचाचांकडे जुनी मोपेड पडून आहे, इंजिन झकास आहे, पण ते देणार नाहीत.

शकूरचाचा बांगड्यांचे. मोपेडच्या मागे पेटी बांधून गावोगाव हिंडलेले. आमच्याकडच्या कितीतरी नवरीमुलींना त्यांनी चुडा भरलेला. पुढे गुडघे गेले, तसं त्यांनी दुकान धरलं, मोपेड मागच्या बाजूला पोत्याखाली झाकून ठेवली. आता लांब जायचं तर एसटीनं. भंगारवाले यायचे आणि हात हलवत परत जायचे. हिनं माझे पाय सांभाळले, हिला मी तोडायला देणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी गेलो तेव्हा ते स्टुलावर बसले होते, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. मी त्या पट्ट्या पाहिल्या आणि — आधी ठरवून गेलो नव्हतो, पण त्यानं काय फरक पडतो? — माझ्या तोंडून निघून गेलं की माझ्या वडिलांचा डावा पाय निकामी होत चाललाय. डेअरीला दूध घालायला चढ चढवत नाही. त्यांच्यासाठी सायकलला इंजिन बसवायचंय.

आबांचा पाय! गवताचा भारा डोक्यावर घेऊन पळत सुटणारा माणूस तो. जत्रेत लेझीम खेळताना सगळ्यांत पुढे, आणि त्यांनी उडी घेतली की ढोलवाल्यांनाच हुरूप यायचा. अशा माणसाला मी एका वाक्यात लंगडा करून टाकलं.

चाचांनी गुडघ्यांवर हात टेकले. मग उठले, पोतं बाजूला केलं. मी खिशात हात घातला तर त्यांनी तो तिथंच दाबून धरला. म्हणाले, "पायासाठी मागतोयस. त्याचं पैसं घ्यायचं नसत्यात."

सायकल झाली. काय आनंद होता तो! इंजिन मी उघडायचो, पुसायचो, पुन्हा जोडायचो. बिघडलं नसलं तरी उघडायचो. माझे हात त्यावरच तयार झाले. कॉलेजात पोरंही जमली. चाचांना मी विसरूनच गेलो.

आणि एक दिवस चाचा आमच्या अंगणात. एसटीनं आले होते, मालिशच्या तेलाची बाटली घेऊन. आईनं चहा दिला. त्यांनी विचारलं, मालकांचा पाय कसा हाय आता? आईनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. त्याच वेळी गोठ्यामागे धप्पकन भारा पडल्याचा आवाज आला — आबा आले होते, आणि कुडाच्या पलीकडून त्यांना शब्द न् शब्द ऐकू जात होता. चाचा सांगत होते, तुमच्या पोरानं बापाच्या पायासाठी किती कळवळून इंजिन मागितलं म्हणून.

मी मनातल्या मनात धावा करत होतो. कशासाठी, तेही कळत नव्हतं. आबा कुडाआडून बाहेर आले. लंगडत.

लंगडत होते ते उजव्या पायानं! चाचांच्या ते लक्षात आलं. डावा म्हणत होता की पोरगा, असं ते म्हणाले. आबा शांतपणे म्हणाले, दुखणं मेलं फिरतं आहे, आज हितं तर उद्या तितं. मग ओट्यावर बसून त्यांनी धोतर वर केलं आणि चाचांच्या हातानं धडधाकट पायाला तेल लावून घेतलं. मी उभा राहून बघत होतो. मला हसू येत होतं, खरंच सांगतो. सुटलो म्हणून हसू येत होतं.

चाचा गेल्यावर आबा मला काही बोलले नाहीत. बोलले असते, चार ठेवून दिल्या असत्या, तर बरं झालं असतं का? मला वाटतं झालं असतं. पण ते हात धुऊन जेवायला बसले.

मग चैत्रात जत्रा आली. देवळापुढे लेझीम सुरू व्हायची होती, आबा डोक्याला पटका बांधून पुढे उभे. समोर, चिंचेखाली, चाचांनी बांगड्यांचं पाल मांडलं होतं. दरवर्षीच मांडायचे. आबांनी त्यांना पाहिलं, चाचांनी हात वर केला. आबांनी लेझीम शेजारच्याच्या हातात दिली, आणि लंगडत जाऊन देवळाच्या पायरीवर बसले.

ढोल वाजत होते. आबांचे खांदे बसल्या जागी हलत होते. पाय मात्र हलू दिले नाहीत. मी दहा पावलांवर उभा होतो. चाचांकडे जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. काय झालं असतं? फार तर इंजिन परत द्यावं लागलं असतं. मी गेलो नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, नंतरही नाही. चाचा दर जत्रेला येत राहिले, आणि आबांनी पुन्हा लेझीम हातात घेतली नाही. नसरापूरच्या बाजारातही ते एसटीतून उतरले की लंगडायला लागायचे. गावाला दिसत होतंच. पण कुणी चेष्टेतही चाचांपाशी बोललं नाही. आमचं गाव एरवी पोटात काही ठेवणारं नाही. एवढं मात्र ठेवलं.

पुष्कळ वर्षांनी, माझं गॅरेज उभं राहिल्यावर, मी आबांना विचारलं. मला खात्री होती, ते म्हणणार, तुझ्यासाठी केलं. लेकाची अब्रू राखली. मी आभार मानायच्या तयारीनंच बसलो होतो.

आबा म्हणाले, "त्येंनी तुला दिलंच न्हवतं. लंगड्या मानसाला दिलं व्हतं. त्येंना खरं कळलं आसतं, तर फुडच्या खऱ्या लंगड्याला त्येंनी काय दिलं आसतं?"

बस. एवढंच बोलले, आणि चुन्याची डबी मागितली.

मला काय वाटलं सांगू? लहान झालो. आणि असा बाप मिळाला म्हणून ऊर भरूनही आला. माझ्यासाठी केलं असतं तर ती बापाची माया झाली असती. त्यांनी केलं ते एका परक्या माणसासाठी, आणि ज्याला कधी पाहिलंही नाही अशा कुठल्यातरी लंगड्यासाठी. तरीही मी दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो का? दुकान माझ्या वाटेवर होतं. गेलो नाही.

आबा दोन वर्षांपूर्वी गेले. झोपेतच, दोन्ही पाय शाबूत असताना. दहाव्याला आम्ही नदीवर होतो. सगळं गाव होतं. लेझमीतले त्यांचे जोडीदारही, आता म्हातारे झालेले. चाचा काठी टेकत, नातवाच्या आधारानं घाट उतरून आले. माझ्यापुढे उभे राहिले. डोळे पुसले. म्हणाले, "पायानं लई सोसलं रं तुज्या बापानं. पन कदी कुरकुर केली न्हाई."

 लेझमीतले ते म्हातारे माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे. मला बोलायला वाट करून दिल्यासारखे, नुसते थांबले होते. आता इंजिन जायचं नव्हतं, आबांना लाज वाटायची नव्हती, काहीच अडत नव्हतं.

मी मान हलवली. हो म्हणालो, फार सोसलं.

चाचांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि मी तो तसाच त्यांच्या हातांत राहू दिला.