टँकरच्या यादीतलं नाव

आमचा तालुका नव्या लातूर जिल्ह्यात गेला, त्या दिवशी टँकरची यादी नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तहसीलच्या टंचाई शाखेत क्लार्क होतो. दुष्काळात टँकर कुठे रिकामा करायचा, ते ही शाखा ठरवते.

जुन्या यादीत एका गावाची बौद्ध वस्ती वेगळी नव्हती. टँकर गावविहिरीत रिकामा व्हायचा. वस्तीतल्या बाया काठापासून लांब उभ्या राहायच्या. कोणी वरून ओतलं, तर घागर भरायची. मी वस्तीची वेगळी फेरी लावली आणि तिथल्या लोकांनी ठेवलेलं नाव लिहिलं, सिद्धार्थनगर. जुनं नाव जातीचं होतं. ते तेव्हा लिहिलं नाही, आताही लिहिणार नाही.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर लॉगबुक घेऊन आला. फेरी पोचल्याची सही त्यात लागते. सही नाही, तर फेरी बंद. सरपंचांनी सही नाकारली होती.

नायब तहसीलदार म्हणाले, "कांबळे, जुनंच टाका. पाणी महत्त्वाचं की नाव?"

"पाणीच, साहेब. आज नाव सोडलं, तर उद्या फेरी सोडायला सांगतील."

मी टँकरमध्ये बसूनच गेलो. सरपंच आप्पा वस्तीच्या तोंडाशी उभे होते.

"भाऊसाहेब, ह्या नावाची वस्ती आमच्यात न्हाई. अन् नाव बदलून काय हुतंय? मानसं तीच हायत."

"काहीच होत नसेल, तर करा की सही."

घागर घेऊन उभ्या असलेल्या गयाबाई बोलल्या, "आप्पा, तुमच्या बापाचं नाव धोंडिबा. नातवाचं ठिवलं राहुल. तवा गाव बुडालं का?"

बाया हसल्या. आप्पा पाठ फिरवून निघाले.

नियम मी वाचून आलो होतो. सरपंचाने सही नाकारली, तर वस्तीतल्या दोन रहिवाशांची सही चालते. गयाबाईंनी घागर खाली ठेवली.

"कुठं करू? साक्षरता वर्गात शिकले, पर आजवर कुणी मागितलीच न्हाई."

त्यांनी सावकाश सही केली. शेजारणीने दुसरी केली. पाईप वस्तीच्या हौदात सुटला.

वर तक्रार गेली. महिन्याभरात माझी बदली झाली. फेरी मात्र पाऊस पडेपर्यंत चालली.

लोकांना जुन्या शब्दाचं प्रेम असतं, असं मी समजायचो. तसं नसतं. काठावर कोण आणि लांब कोण, हे त्या शब्दाने ठरलेलं असतं. ते हलू द्यायचं नसतं.

गयाबाई मागच्या महिन्यात वारल्या. मी मातीला गेलो होतो. गावातले काही जण वस्तीला अजून जुन्या नावाने हाक मारतात. वस्तीतून कोणी ओ देत नाही.