एझ्राकाकांची रेकॉर्ड

रेकॉर्ड दोन बाजूंची असते, किस्स्यांना मात्र बाजूच नसते, साठतच जातात! ऐंशीच्या दशकात मी शिकागोजवळ शॉमबर्गला इंजिनियर होतो. माझा मित्र डग छोट्या प्रमाणावर रेकॉर्ड्स काढायचा. शिकागोच्या एका क्लबात त्याने सत्तरी उलटलेल्या एझ्रांचं लाइव्ह रेकॉर्डिंग ठरवलं. एक माणूस, एक साधी लाकडी गिटार आणि जुने ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकनांची दुःखाची गाणी. चार रविवार, दुपारचे शो. मशीन सांभाळायला मी, फुकट आणि आनंदाने! घरी आम्ही त्यांना एझ्राकाकाच म्हणायचो.

पहिल्याच दिवशी टेपवर धप्‌धप्‌ आवाज यायला लागला. काका पायाने ताल देत होते. मी हुशारी करून पायाखाली जाड कार्पेट सरकवलं. दोन ओळी गाऊन काका थांबले.

"इंजिनियर, माझा ड्रमर कुठे नेलास?"

कार्पेट काढलं.

मग फ्रिजची घरघर. ब्रेकमध्ये मालकिणीला विचारून मी बारमागचा फ्रिज बंद केला. काका स्टेजवर आले, गिटारच्या खुंट्या पिळत बसले, सूर काही जमेना.

"काय झालं, काका?"

"या क्लबात सोळा वर्षं मी त्या फ्रिजच्या सुरावरच गिटार लावतोय!"

तंबोरा बंद केला म्हणा ना! परत चालू केला. तो रेकॉर्डवरही आहे.

कव्हरसाठी फोटोग्राफर आला. म्हणाला, "सर, ब्लूज आहेत, जरा दुःखी दिसा."

काका विचारात पडले. "आज पोट भरलंय, गुडघा दुखत नाहीये, मुलगी भेटायला आलीये. उद्या ट्राय करूया?"

फोटोत खदखदून हसतायत.

डगचं वेगळंच टेन्शन. कव्हरवर गाण्याचे शब्द छापायचे होते आणि काकांनी एकच गाणं दोन रविवारी वेगवेगळ्या शब्दांत म्हटलं. "गेल्या वेळी तर गाण्यातली ती बाई परत येत नव्हती!" डग म्हणाला.

"गेल्या वेळी मी चिडलो होतो."

तिसऱ्या रविवारी मी आईला घेऊन गेलो. ती नुकतीच साताऱ्याहून आली होती, इंग्रजी येत नव्हतं. पहिल्या रांगेत बसली. काकांनी एक संथ गाणं सुरू केलं आणि आई रंगली. रंगली की ती डोळे मिटते, नाही म्हटल्यासारखी मान हलवते आणि "च्‌ च्‌ च्‌" करते.

काकांचं लक्ष गेलं. त्यांनी तेच कडवं पुन्हा घेतलं, आणखी आर्त. आईची मान आणखी जोरात! तिसऱ्यांदा घेतलं. कपाळावर घाम. मी हेडफोन लावून बसलो होतो. असं गाणं मी त्यांच्याकडून ऐकलंच नव्हतं.

शो संपल्यावर काका थेट आमच्यापाशी आले. चेहरा पार उतरलेला. "मॅडमना काय खटकलं?"

मी म्हणालो, "काका, खूप आवडलं की आमच्याकडे असंच करतात!"

ते खुर्चीवर मटकन बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "चाळीस वर्षं लोक टाळ्या वाजवतायत. एवढी मेहनत कुणी करून घेतली नव्हती!"

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः खुर्ची उचलून स्टेजसमोर ठेवली आणि आईला बसवलं. माइकवर म्हणाले, "मॅडम, आजही दया दाखवू नका."

आईने मला विचारलं, "काय म्हणतायत रे?"

मी सांगितलं.

"त्यांना म्हणावं, बोलू नका. गा."

भाषांतर करायला मी तोंड उघडलं, तोवर काकांनी सुरुवात केली होती.