लाईट गेली की गाणं

पसाभर कापूस पिंजून काढला की खोली भरते. किश्शांचंही तसंच. शाळेच्या त्या स्पर्धेपायी पोरींनी आमच्या दुकानात जो धुमाकूळ घातला, तो सांगायला घेतला की फुगतच जातो. मी शाळेची पायरी चढलेली नाही. मी बोलते, सून लिहिते. लिहिताना ती माझं ‘हाय-न्हाई’ सरळ करते. बाकी काही मी तिला सरळ करू देत नाही.

लोणंदला आमचं गाद्या-उशांचं दुकान. पुढं गिऱ्हाईक, मागं पिंजायचं मशीन, त्याच्या पलीकडं कापसाची खोली. माझा मुलगा यासीन दुकान बघतो. त्याची मुस्कान नववीत.

* * *

सुरुवात झाली एका उशीवरनं. मुस्कानच्या जगताप मॅडम उशी घ्यायला आल्या आणि कापूस बघायला म्हणून आतल्या खोलीत शिरल्या. आत काहीतरी बोलल्या आणि एकदम गप्प झाल्या. परत बोलल्या. मग टाळी वाजवली. मला वाटलं, बाईंना उकाड्यानं काही झालं.

बाहेर येऊन म्हणाल्या, “यासीनभाई, तुमच्या खोलीत आवाज अजिबात घुमत नाही हो!”

यासीनला वाटलं, तक्रार आहे. तो म्हणाला, “घुमणारी पायजे असंल तर मागं पत्र्याचं शेड हाय मॅडम.”

मग मॅडमनी उलगडून सांगितलं. पोरींनी स्वतः केलेले पॉडकास्ट आणि स्वतः रचलेली गाणी, अशी स्पर्धा होती. शाळेत रेकॉर्डिंग करावं तर एकीकडं रेल्वेचा भोंगा, दुसरीकडं कांद्याच्या लिलावाचा आरडाओरडा. अशी मुकी खोली साऱ्या लोणंदात दुसरी नव्हती.

यासीन खोली द्यायला तयार झाला, पण लग्नसराई होती. नवरीच्या गाद्या अडल्या तर लोक दारात येऊन बसतात. त्यानं अट घातली, “लाईट गेली की खोली तुमची. लाईट आली की मशीन माझं.”

* * *

तेव्हापासनं साऱ्या गावात लाईट गेली की शिव्या, आणि आमच्या दुकानात टाळ्या!

मुस्कान आणि तिची मैत्रीण प्रज्ञा, दोघी दप्तरं घेऊन पायरीवर बसायच्या आणि वर पंख्याकडं बघायच्या. प्रज्ञा तर लाईटच्या ऑफिसात फोन करून आली. तिथल्या माणसाला रोज एकच प्रश्न ठाऊक, लाईट कधी येणार? हिनं विचारलं, “काका, आज कवा जाणार?”

तो बिचारा म्हणाला, “पोरी, तू पहिलीच हायंस. तू सांग, कवा घालवू?”

* * *

प्रज्ञाचा पॉडकास्ट होता. ‘नमस्कार श्रोतेहो’ म्हणायला तोंड उघडलं की कापसाचा तंतू नाकात. नमस्कार म्हणायची आणि शिंकायची. श्रोत्यांपर्यंत ती पोचतच नव्हती. शेवटी तोंडाला ओढणी बांधून बसली. मी म्हटलं, मुलाखत घ्यायला आलीस का मधाचं पोळं काढायला?

मुलाखत माझीच होती. मुलाखतीत मोठ्यांचा आवाज चालतो, गाण्यात मात्र चालत नाही, असा नियम होता. प्रज्ञानं विचारलं, “दादी, तुमच्या काळात पॉडकास्ट न्हवता. मग लोकांना गोष्टी कुठं ऐकायला मिळायच्या?”

मी म्हटलं, “नळावर.”

रेकॉर्डिंग झाल्यावर त्यांनी ते मला ऐकवलं. मी जरा वेळ ऐकलं आणि म्हटलं, “ही म्हातारी कोण? मला बोलूच देईना की.” दोघी कापसाच्या ढिगात पडून हसायला लागल्या. आपला आवाज बाहेरनं कसा येतो ते मला या वयात कळलं. अगदी माझ्या सासूसारखा येतो!

* * *

मुस्कानचं गाणं होतं. शब्द तिचे, चाल तिची. फोनमधलं तयार म्युझिक घ्यायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. मग वाजवायचं काय?

भिंतीला माझ्या मालकांची पिंजायची कमान टांगलेली आहे. मशीन नव्हतं तेव्हा ती खांद्यावर टाकून ते माण तालुक्यातली गावं फिरायचे. तिच्या ताणलेल्या तांतीवर लाकडी मोगरी मारली की ढुंग ढुंग आवाज गल्लीभर जायचा आणि बायका जुन्या गाद्या घेऊन बाहेर यायच्या. मुस्काननं ती कमान खाली काढली. पहिले दोन दिवस नुसती बोटं सोलून घेतली. तिसऱ्या दिवशी पायरीवर बसून वाजवली आणि आवाज बरोबर लागला.

एवढा बरोबर लागला की जरा वेळानं पलीकडच्या आळीतली हौसाबाई दारात उभी. धापा टाकत होती. मागं भुईवर फरफटत आणलेली गादी.

“पिंजारी आलाय न्हवं? कुठं बसलाय?”

यासीन कपाळाला हात लावून म्हणाला, “आवं मावशी, एवढी वर्षं दुकान हाय हितं.”

हौसाबाई म्हणाली, “दुकान हाय रं. पण बोलावलं कुणी व्हतं?”

तिची गादी त्याच दिवशी भरून द्यावी लागली.

* * *

गाण्याची पहिली ओळ अशी होती : ‘साऱ्या गावाची झोप आमच्या घरात शिवतात, ढुंग ढुंग ढुंग, अब्बा जागे राहतात.’

हे गाणं मुस्काननं अब्बाला कधी ऐकवलं नव्हतं. ती गायची तेव्हा लाईट गेलेली असायची आणि लाईट गेली की यासीन चहाला जायचा. पोरींचं काय चाललंय, असं विचारलं तर म्हणायचा, “खेळत्यात. खेळू द्या.”

अडचण वेगळीच होती. गाणं सलग म्हणायचं, मध्ये तोडायचं नाही. आणि दर वेळी शेवटचं कडवं आलं की लाईट यायची, मशीन घरघरायचं, झालं! एकदा तर अगदी शेवटच्या ओळीला लाईट आली. मुस्काननं कमान तशीच खाली ठेवली आणि मशीनकडं अशी बघत बसली की मला मशीनचीच कीव आली.

गाणं पाठवायचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी सकाळपासनं लाईट गेलीच नाही. दुपार झाली, चार वाजले. पोरी पायरीवर. पंखा गरगरतोय. प्रज्ञानं ऑफिसात फोन केला तर तो माणूस आनंदानं म्हणाला, आज कुठंच काम न्हाई, आज लाईट जायची न्हाई. मुस्कान दप्तर काखेला मारून उठली.

एवढ्यात मशीन थांबलं. पंखा थांबला. आतनं यासीन ओरडला, “लाईट गेली!”

पोरी आत पळाल्या. मी दारात उशीला टाके घालत बसले होते. समोरच्या गिरणीचा पट्टा फिरत होता. दळण चालू होतं. मी सुईत दोरा ओवत राहिले. यासीन चहाला गेला नाही. मेन स्विचला पाठ लावून उभा राहिला.

उकाड्यानं खोलीचं दार फटभर उघडं होतं. गाणं शेवटाला आलं आणि नेमका एका नवरीचा मामा आला, गाद्या न्यायला. माणूस मोठ्या गळ्याचा. “समोर गिरणी चालू हाय की. तुमचीच लाईट कशी गेली?”

यासीन म्हणाला, “माझीच गेलीया. पोरीचं गाणं हुईपतूर यायची न्हाई.”

* * *

कमानीचा शेवटचा ढुंग विरतोय आणि त्यावर यासीनचं हे वाक्य, असं रेकॉर्डिंग झालं. मामाचा प्रश्न कमानीच्या आवाजात बुडाला. जगताप मॅडम म्हणाल्या, शेवट कापून टाकू, नाहीतर मोठ्या माणसाचा आवाज म्हणून नंबर जाईल. मुस्कान म्हणाली, “जाऊ दे.”

निकालाच्या दिवशी साताऱ्याला हॉलमध्ये मी होते, मुलाखतीतली म्हातारी म्हणून. प्रज्ञाच्या पॉडकास्टचा नंबर आला. मुस्कानचं गाणं वाजलं तेव्हा शेवटाला सगळा हॉल हसला आणि मग टाळ्या वाजवत राहिला. परीक्षक सरांनी तिला जवळ बोलावून विचारलं, एवढं चांगलं गाणं, मग मागचा तो आवाज का नाही काढला? ती म्हणाली, “सर, त्यो गाण्यातलाच हाय.” नंबर गेला.

यासीन हॉलमध्ये नव्हता. गाद्या पोचवून टेम्पो घेऊन आला, तोवर सगळं आटपलं होतं. परत निघालो. नंबराचं त्यानं विचारलं, मुस्कान म्हणाली, न्हाई आला. मग यासीन म्हणाला, “लाव की ते. मी कुठं धड ऐकलंय.”

तिनं फोनवर गाणं लावलं. टेम्पो हळू झाला. अब्बा जागे राहतात, हे आलं तेव्हा त्यानं काच वर घेतली. गाणं संपलं, कमान विरली, मागं तो माणूस बोलला.

यासीन रस्त्याकडं बघत म्हणाला, “शेवटाला त्यो कोण बोलतोय?”

मुस्कान खिडकीबाहेर बघत म्हणाली, “असंल कुणी गिऱ्हाईक.”

“लय वंगाळ आवाज हाय त्याचा,” यासीन म्हणाला. मग गिअर टाकला. “पण ऱ्हाऊ दे.”